पेंटबॉल संघाचा सराव कसा आखायचा: एक दिवस, एक दुखणं, मोजका पेंट

सरावाचा दिवस बहुतेकदा एकाच रीतीने वाया जातो. सगळे मैदानावर येतात, मार्करच्या, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीच्या, हवेच्या टाक्या भरतात, क्रोनो करतात (बॉलचा वेग मोजतात), पाच-पाच जणांच्या दोन बाजू पाडतात आणि पेंट (रंगाचे बॉल) संपेपर्यंत खेळत सुटतात. घाम निघतो, मजा येते, आणि पुढच्या स्पर्धेत जुन्याच चुका पुन्हा समोर उभ्या राहतात. कारण साध्या हिशेबात आहे. दिवसभरात वीस पॉइंट (म्हणजे डाव) खेळले, तर एका खेळाडूच्या वाट्याला वीसच ब्रेकआउट, म्हणजे हॉर्न वाजल्यावरच्या पहिल्या धावा, येतात. त्यातल्या निम्म्या वेळा तो पहिल्या दहा सेकंदांत बाद झाला, तर पुढचा खेळ त्याच्या हातून गेलेलाच नसतो. समोरासमोरच्या स्नॅप शूटिंगची (आडोशातून झटकन बाहेर येऊन, मारून परत आत जाण्याची) वेळ जेमतेम दहा-बारा वेळा येते. तेच दोघांना दोन बंकरांमागे (आडोशांमागे) बसवून शिट्टीवर खेळवलं, तर दहा मिनिटांत तीस वेळा हात चालतो.

म्हणून सरावाची आखणी मैदानावर पोचल्यावर करायची नसते. ती दोन दिवस आधी कागदावर व्हायला हवी, आणि तिची सुरुवात एकाच प्रश्नापासून व्हायला हवी: गेल्या वेळी आपण पॉइंट नेमके कुठे गमावले?

दुखणं शोधण्यासाठी वही

संघाची एक वही असू द्या. स्पर्धेत किंवा सराव सामन्यात मैदानाबाहेर बसलेल्या एकाने प्रत्येक पॉइंटची एकच ओळ लिहायची: आपला पहिला खेळाडू कोण बाद झाला, तो कुठे होता, हॉर्ननंतर किती सेकंदांनी, आणि बॉल कुठल्या बंकराकडून आला. बाकीचं वर्णन नको. ओळी लांबल्या की लिहिणारा खेळ बघायचा थांबतो आणि वही अर्धवट राहते.

दहा-बारा ओळी झाल्या की रोग दिसायला लागतो. समजा, दहापैकी सहा वेळा स्नेककडे (मैदानाच्या एका कडेच्या लांब, बुटक्या बंकरांच्या रांगेकडे) पळणारा खेळाडू तिथे पोचण्याआधीच बाद झाला. तर लगेच ‘त्याला आणखी जोरात पळायला सांगा’ या निष्कर्षावर येऊ नका. बॉल कुठून आला तो रकाना बघा. तो प्रत्येक वेळी समोरच्या होममधून (त्यांच्या सुरुवातीच्या बंकरातून) आला असेल, तर त्या नेमबाजाला आपल्या बाजूने कुणीच दाबत नाही, म्हणजे दुखणं आपल्या मागच्या खेळाडूच्या लेनमध्ये (एका फटीत धरलेल्या माऱ्यात) आहे. बाद होण्याच्या जागा दरवेळी वेगळ्या असतील, तर धावणारा हॉर्नला उशिरा निघतो किंवा वाट बदलतो. एकाच लक्षणाची ही दोन कारणं आहेत आणि दोन्हींचा सराव पूर्ण वेगळा आहे.

एका दिवसाला एक मोठं दुखणं आणि एक छोटं, एवढंच घ्या. तिसरं घेतलं की पहिल्या दोन्हींवर हात बसत नाही.

पेंटचा हिशेब

प्रमाण खोक्यात ०.६८ कॅलिबरचे २,००० बॉल असतात. हॉपरमध्ये (मार्करवरच्या बॉलांच्या डब्यात) सुमारे २०० बसतात, एका पॉडमध्ये (कमरेच्या पट्ट्यातल्या राखीव नळकांड्यात) १४०. स्पर्धेच्या नियमांत मारा साधारण सेकंदाला दहा बॉलांच्या आसपास बांधलेला असतो. म्हणजे सलग मारत राहिलं, तर हॉपर वीस सेकंदांत रिकामा. हा आकडा प्रत्येकाच्या डोक्यात असला की पेंट आपोआप जपून वापरला जातो.

माणशी एक खोकं धरून पूर्ण दिवस नीट बसतो. स्नॅप शूटिंगला २००. लेनला ४००, म्हणजे चार-चार सेकंदांचे दहा मारे. ब्रेकआउटला ४००, म्हणजे आठ वेळा प्रत्येकी पन्नास. दोनास एक, तीनास दोन अशा छोट्या लढतींना ३००. उरलेल्या ७०० मध्ये पाच पूर्ण पॉइंट, सरासरी एक पॉड दर पॉइंटला. पुढे पळणाऱ्याचा पेंट उरेल, मागून मारणाऱ्याला कमी पडेल. म्हणून खोकी सामाईक ठेवा, पण प्रत्येक सरावाचा पेंट आधीच वेगळा काढून ठेवा. लेनचा सराव रंगात आला म्हणून ब्रेकआउटचा पेंट त्यात गेला, की दिवसाची आखणी कोलमडते. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं.

पेंट सावलीत ठेवा. बॉलचं कवच जिलेटिनचं असतं. ओल लागली की ते फुगून मऊ पडतं, थंडीत ठिसूळ होऊन नळीतच फुटतं. खोकं एकाच कुशीवर पडून राहिलं तर बॉलांना खळगे पडतात आणि असा बॉल हवेत वाट सोडतो, म्हणून खोकं अधूनमधून उलटं करा. जमिनीवर पडलेला बॉल उचलून हॉपरमध्ये टाकू नका. त्याला चिकटलेली मातीची कणी आत गेली, की पुढचे दहा बॉल फुटतात आणि मार्कर खोलून पुसण्यात त्या खेळाडूचा अर्धा तास जातो.

शिट्टी कुणाकडे

सराव चालवणारा माणूस त्या वेळी खेळत नसावा. त्याच्याकडे शिट्टी, घड्याळ आणि वही. कप्तानानेच हे करायला हवं असं नाही. उलट कप्तान स्वतः खेळाडू असेल तर हे काम आलटून-पालटून इतरांनी करावं, म्हणजे त्यालाही सराव मिळतो. आठ जणांचा संघ असेल तर एक शिट्टीवर, एक टाक्या आणि पॉड भरायला, सहा मैदानात, आणि दर वीस मिनिटांनी अदलाबदल. सहा जणांवर सगळे सराव बसतात. पाचास पाच पूर्ण पॉइंटांसाठी मात्र दहा जण लागतात. तेवढे नसतील तर पाचास तीन खेळा आणि तिघांना फक्त बचावाचं काम द्या.

मैदानात पाऊल ठेवण्याआधी

मास्क एएसटीएम एफ१७७६ या डोळ्यांच्या संरक्षणाच्या मानकाचा, भिंग बिनओरखड्याचं. मैदानाच्या आत असताना मास्क कुणीही, कुठल्याही कारणाने वर करायचा नाही; धुकं साचलं तर हात वर करून जाळीबाहेर यायचं. जाळीबाहेर प्रत्येक मार्करच्या नळीवर बॅरल सॉक (चुकून सुटलेला बॉल अडवणारी पिशवी). हे नियम सरावाला सैल केले, तर ते स्पर्धेतही सैलच राहतात.

क्रोनोची कमाल मर्यादा बहुतेक स्पर्धांत सेकंदाला ३०० फूट असते, अनेक मैदानांवर २८०. मर्यादेच्या टोकावर मार्कर लावू नका. लागोपाठच्या दोन बॉलांच्या वेगात पाच-दहा फुटांचा फरक सहज पडतो, म्हणून तेवढी जागा सोडा. शिवाय अर्धा मिनिट थांबून मारलेला पहिला बॉल वेगळा मोजा. रेग्युलेटरची (हवेचा दाब राखणाऱ्या भागाची) सील झिजलेली असेल तर थांबल्यावर आत दाब हळूहळू चढतो आणि तो पहिलाच बॉल मर्यादा ओलांडतो. सलग मारून केलेल्या क्रोनोत हे कळतच नाही. ऊन चढल्यावर, म्हणजे दुपारच्या सत्राआधी, पुन्हा क्रोनो करा.

दिवसाचा क्रम

आधी कोरडा सराव, मग एकेकट्याचं तंत्र, मग ब्रेकआउट, मग छोट्या लढती, शेवटी पूर्ण पॉइंट. नेमकेपणा लागतो ते पाय आणि हात ताजे असताना घ्यायचं, हे यामागचं कारण. दमलेल्या खेळाडूने स्नॅपचा सराव केला, तर तो उंच उठायची आणि कोपर बाहेर काढायची सवय घोटून घरी जातो. पॉइंट शेवटी, कारण स्पर्धेतही निर्णायक पॉइंट थकल्यावरच येतात.

कोरड्या सरावाला पेंट लागत नाही म्हणून तो सर्रास टाळला जातो, आणि आमच्या मते संघाचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. हॉपर रिकामा ठेवून तीन गोष्टी घ्या: हॉर्नवर निघून ठरलेल्या बंकरापर्यंत धाव, बंकरात शिरताना घसरणं आणि लगेच मार्कर वर आणणं, आणि पॉडमधून हॉपर भरणं. हॉपर भरायच्या सरावासाठी पॉडमध्ये जुना, खराब झालेला पेंट वापरा, मार्करची हवा काढून ठेवा आणि नंतर तो पेंट टाकून द्या. नजर समोर ठेवून, हाताने चाचपून पॉड काढायचा, अंगठ्याने झाकण उघडायचं, हॉपरच्या तोंडावर उलटा करायचा, रिकामा पॉड तिथेच सोडून द्यायचा. तीन-चार सेकंदांत हे जमायला हवं. पॉडकडे मान वळली की प्रयत्न बाद धरा.

स्नॅप शूटिंग: सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा

दोन उभे बंकर, मध्ये पंधरा मीटर. या अंतरावर बॉल पोचायला साधारण ०.२ सेकंद लागतात. तुम्हाला पाहून समोरच्याने ट्रिगर दाबायला आणखी तेवढेच, थोडे जास्तच. म्हणजे तो आधीपासून तुमच्या कडेवर मारत नसेल, तर बाहेर येऊन, मारून, आत जायला तुमच्याकडे जेमतेम अर्धा सेकंद आहे. या अर्ध्या सेकंदात नेम शोधायला वेळ नाही. नेम आतच तयार करून बाहेर यावं लागतं.

ते असं. बंकरापासून हातभर मागे बसा, चिकटून बसू नका. चिकटलात की नळी बंकराच्या कडेवर अडते आणि ती सोडवायला अंग बाहेर काढावं लागतं. मार्कर खांद्यापाशी, नळी आधीच लक्ष्याच्या उंचीला, दोन्ही कोपरं बरगड्यांकडे ओढलेली. आता कमरेतून एका बाजूला झुका. बाहेर दिसायला हवं ते एवढंच: नळीचं टोक, हॉपरची एक कड, मास्कचा एक डोळा. दोन-तीन बॉल आणि आत. बॉल लागला का ते बघायला बाहेर थांबायचं नाही. ते सांगणं सोबत्याचं काम.

समोर जिवंत खेळाडू बसवण्याआधी ताटाएवढा पुठ्ठा लावून सुरुवात करा. शिट्टी झाली की एक प्रयत्न. उजव्या कडेने उजव्या हाताने पंधरा, डाव्या कडेने डाव्या हाताने पंधरा. किती वेळा पुठ्ठा रंगला ते वहीत. मग समोर खेळाडू. मार्कर हात बदलून धरायचा कंटाळा ज्याला आहे, त्याच्या डाव्या बाजूचा खेळ नेहमी उघडाच राहतो, आणि चांगला प्रतिस्पर्धी ते दोन पॉइंटांत हेरतो. त्यामुळे कच्च्या हाताला दुप्पट वेळ द्या.

शिट्टीवाल्याने बघायचं ते असं: खेळाडू दरवेळी एकाच उंचीवरून बाहेर येतोय का? येत असेल तर तिसऱ्या वेळी समोरचा तिथेच बॉल ठेवून वाट बघेल. एकदा उभ्याने, एकदा गुडघ्यावरून, एकदा दुसऱ्या कडेने, असा बदल हवा. आणि बाद झालेला खेळाडू नेमका कुठे रंगला तेही पहा. हॉपरवर रंग असेल तर मार्कर तिरका धरला जातोय, मागच्या कोपरावर असेल तर कोपर सुटलंय, पॉडच्या पट्ट्यावर असेल तर कंबर बाहेर येतेय. रंगाचा डाग चूक दाखवून देतो. तो पुसण्याआधी नीट बघून घ्या.

लेन: स्थिर धरायची, पाठलाग करायचा नाही

मोठ्या स्पर्धांचं मैदान साधारण १५० बाय १२० फुटांचं असतं. म्हणजे आपल्या होममधून समोरच्या धावणाऱ्याच्या वाटेपर्यंत ३५-४० मीटर. तेवढं जायला बॉलला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात धावणारा तीन-चार मीटर पुढे सरकलेला असतो. त्याच वेळात बॉल दीड-दोन मीटर खालीही उतरतो. म्हणून धावणाऱ्याकडे नेम धरणारा नेहमी त्याच्या मागे आणि पायाशी मारतो.

लेन म्हणजे दोन बंकरांमधली एक फट निवडून तिथे बॉलांची धार टांगून ठेवायची आणि धावणाऱ्याला त्या धारेत येऊ द्यायचं. आणखी एक हिशेब इथे कामाचा आहे. सेकंदाला दहा बॉल, आणि धावणारा सेकंदाला सहा मीटर. म्हणजे दोन बॉलांमध्ये तो ६० सेंटिमीटर पुढे जातो. बाजूने पाहिलं तर पळत्या माणसाचं अंग याहून अरुंद असतं. त्यामुळे नेम अगदी अचूक असला, तरी एकट्याच्या धारेतून माणूस कधीकधी कोरडा निसटतो. दोघांनी तीच फट धरली तर अंतर ३० सेंटिमीटरवर येतं आणि निसटणं अवघड होतं. कुठल्या बाजूला एक नळी ठेवायची आणि कुठे दोन, हा निर्णय इथून निघतो. ज्या वाटेने त्यांचा सर्वात त्रासदायक खेळाडू जातो, तिथे दोन.

सराव असा: एक जण होमवर, नळी होमला टेकलेली. एक जण समोरून पूर्ण वेगाने धावणार, त्याने मार्कर नेला नाही तरी चालेल, संरक्षक साहित्य सगळं. तिसरा फटीच्या बाजूला, सुरक्षित जागी, मास्क लावून, धार कुठल्या उंचीने जातेय ते बघणार आणि ओरडून सांगणार. धावणारा नसताना आधी दोन मारे करून उंची लावून घ्या: फटीत बॉल छातीच्या उंचीला हवेत. मग दहा धावा. वहीत तीन आकडे: किती वेळा लागला, पहिला बॉल फटीत पोचायला हॉर्नपासून किती वेळ लागला, आणि पायाशी किंवा डोक्यावरून किती मारे गेले.

पहिला बॉल एका सेकंदाच्या आत हवेत नसेल, तर पुढची धार कितीही सुंदर असो, माणूस निघून गेलेला असतो. उशीर बहुतेकदा पायांमुळे होतो. खेळाडू आधी वळतो, मग पाऊल टाकतो, मग नेम धरतो. होमवर उभं राहतानाच मागचा पाय लेनच्या दिशेने ठेवा, म्हणजे वळणं आणि मार्कर उचलणं एकाच हालचालीत होतं. उंची डळमळत असेल तर तो चालताना मारतोय आणि गुडघे ताठ आहेत. गुडघे वाकवून, छोटी पावलं.

एकाने मारायचं आणि दहा जणांनी बघायचं असं करू नका. होमच्या दोन्ही बाजूंना दोन लेन एकाच वेळी चालवा.

ब्रेकआउट: दहा नको, तीन पुरे

लेआउट (बंकरांची मांडणी) हातात आला की आधी चालत फिरा. दोन-दोन जणांची जोडी प्रत्येक बंकरात बसते आणि ठरवते: इथून काय दिसतं, काय मारता येतं, इथे आपल्याला कोण मारू शकतं. स्नेकच्या तोंडाशी आणि डोरिटो बाजूच्या (स्नेकच्या विरुद्ध, त्रिकोणी बंकरांच्या कडेच्या) कोपऱ्यात इतरांपेक्षा दुप्पट वेळ बसा. हे करतानाच प्रत्येक बंकराला एकच नाव पक्कं करा. एक जण ज्याला ‘केक’ म्हणतो त्याला दुसरा ‘डबा’ म्हणत असेल, तर ऐन पॉइंटात ओरडून उपयोग नाही. नाव एक-दोन अक्षरी, आणि शेजारच्या बंकराच्या नावाशी न जुळणारं.

मग तीनच ब्रेकआउट ठरवा: एक आक्रमक, एक सावध, एक तिसरा जो पहिल्यासारखाच दिसतो पण दुसऱ्या बाजूला उघडतो. प्रत्येकात प्रत्येक खेळाडूला चार गोष्टी पाठ हव्यात. पहिली जागा कोणती. वाटेत मारा आला तर थांबायची दुसरी जागा कोणती. निघताना कुठली लेन मारायची, आणि बंकरात पोचल्यावर पहिली नजर कुठे. दुसरी जागा ठरवायची राहून जाते, आणि मग बॉल दिसताच खेळाडू मधल्या उघड्या मैदानात अडखळतो.

ब्रेकआउटचा प्रत्येक प्रयत्न सात सेकंदांचा. सातव्या सेकंदाला शिट्टी, सगळे जिथल्या तिथे गोठतात. शिट्टीवाला जिवंत खेळाडू मोजतो, कोण कुठे पोचला ते लिहितो, आणि सगळे परत होमवर. दोन मिनिटांत एक प्रयत्न या गतीने वीस मिनिटांत आठ-दहा होतात. सात सेकंदांनंतर खेळ चालू ठेवायचा मोह आवरा. एक प्रयत्न लांबला की तो पॉइंट होऊन बसतो आणि पेंट जातो. बचाव करणाऱ्यांना आधी आपला ब्रेकआउट माहीत नसू द्या, पण चौथ्या प्रयत्नापासून सांगून टाका. माहीत असलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोरही जो ब्रेकआउट दहापैकी सहा वेळा चार जण जिवंत ठेवतो, तो स्पर्धेला न्या.

बोलणं हेही तंत्रच

जिंकणाऱ्या संघाचं मैदान ऐकू येतं. ओरडायचं ते तीनच प्रकारचं: समोरचा कुठे आहे, कोण बाद झाला, मी काय करतोय. समोरचे किती बाद झाले ते ‘जी वन’, ‘जी टू’ असं मोजण्याची पद्धत सर्वत्र आहे, ती उचला. ऐकणाऱ्याने तेच शब्द पुन्हा ओरडायचे, म्हणजे बातमी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचते. पुन्हा न ओरडलेली बातमी पोचली नाही असं धरा.

याचा सराव करायला एक सोपी युक्ती: मागच्या खेळाडूलाच सगळं दिसेल आणि पुढच्या दोघांना फक्त त्याच्या आवाजावर मारायला मिळेल अशी लढत लावा. पुढच्यांनी आपणहून डोकं बाहेर काढलं की ते बाद. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होतो, मग मागचा खेळाडू ‘तिकडे, तिकडे’ सोडून बंकराचं नाव आणि बाजू सांगायला शिकतो. पॉडमधून हॉपर भरतानाही ओरडायचं, आणि सोबत्याने तेवढे तीन-चार सेकंद त्याची कड सांभाळायची.

दोनास एक, तीनास दोन

जिंकत आलेले पॉइंट इथे हातचे जातात. दोघे जिवंत, समोर एकटा, आणि तरी हार. यामागे दोन कारणं असतात. एक, दोघेही एकाच बाजूने त्याच्याकडे बघत बसतात, म्हणजे त्याला एकच कड सांभाळायची असते. दोन, ‘आता घाई कशाला’ म्हणून दोघे थांबतात, आणि एकट्याला हलायला वेळ मिळतो.

साठ सेकंदांचं घड्याळ लावून ही लढत खेळवा. दोघांना नियम: एक जण एकट्याच्या कडेवर सतत मारत राहतो, म्हणजे त्याला बाहेर बघता येत नाही, दुसरा त्याच वेळी कोन उघडेपर्यंत सरकतो. सरकण्याआधी ओरडायचं, मारणाऱ्याने हुंकार दिल्यावरच निघायचं. दोघांनी एकदम हॉपर भरायचा नाही. मारणाऱ्याच्या हॉपरमध्ये किमान पन्नास बॉल असल्याशिवाय दुसऱ्याने निघायचं नाही, नाहीतर तो अर्ध्या वाटेत असताना धार तुटते. एकट्याला उलटा नियम: पहिल्या दहा सेकंदांत जागा बदल. जिथे त्यांनी शेवटचं पाहिलं तिथेच राहिलास तर घेरला जाशील.

प्रत्येक खेळाडूने दोन्ही भूमिका कराव्यात. साठ सेकंद संपले तर एकट्याचा विजय. हा नियम कडक वाटतो, पण स्पर्धेतही घड्याळ चालूच असतं. यातच एक-दोन वेळा पाचास चार खेळवा. दंडामुळे एक माणूस कमी असताना कुठली बाजू सोडून द्यायची, हे आधी ठरलेलं नसेल तर चौघे पाच जणांचं मैदान झाकायला जातात आणि कुठलीच बाजू धड राखली जात नाही. त्यांना एक बाजू पूर्ण सोडून द्यायला लावा आणि उरलेल्या दोन लेन राखायला सांगा.

पूर्ण पॉइंट आणि पिट

पाच पॉइंट, पण प्रत्येकाला एक विषय. पहिल्या दोन पॉइंटांत फक्त सकाळचं दुखणं बघायचं. उदाहरणार्थ स्नेकवाला पोचला की नाही. बाकी चुका दिसल्या तरी त्या वेळी बोलू नका, वहीत लिहा. दुसरा संघ बोलावला असेल तर आधीच सांगा की पहिले तीन पॉइंट तुम्ही स्नेक बाजूवर दोन नळ्या लावून खेळा. चांगले संघ हे आनंदाने करतात, कारण बदल्यात तेही आपल्याकडून काहीतरी मागू शकतात.

दोन पॉइंटांमध्ये स्पर्धेइतकाच वेळ घ्या, त्याहून एक सेकंदही जास्त नाही. पिटमध्ये (मैदानाबाहेरच्या तयारीच्या जागी) कोण टाकी भरतो, कोण पॉड, कोण मास्क आणि नळी पुसतो, हे नावानिशी ठरवा. नळीत बॉल फुटला असेल तर स्क्वीजी (नळी पुसायचं साधन) फिरवूनच पुढचा पॉइंट. ओल्या नळीतून निघालेला प्रत्येक बॉल वळतो आणि खेळाडूला वाटतं आपला नेम बिघडला. कप्तानाला बोलायला शेवटची वीस सेकंदं मिळतात: कुठला ब्रेकआउट, आणि एक सूचना. दोन सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

आवरण्याआधी

शेवटी दहा मिनिटं सगळे वहीभोवती. सकाळचे आकडे आणि संध्याकाळचे आकडे शेजारी ठेवा: पुठ्ठा किती वेळा रंगला, लेनमध्ये किती लागले, सात सेकंदांना किती जिवंत. चर्चा आकड्यांवर ठेवली की ती माणसांवर घसरत नाही. सकाळी घेतलेलं दुखणं हललं नसेल तर पुढच्या सरावाला पुन्हा तेच, पण वेगळ्या बाजूने: धावणाऱ्याऐवजी त्याला झाकणाऱ्यावर काम.

उघडलेल्या पिशवीतला पेंट पुढच्या आठवड्यासाठी राखू नका, ओल धरतो. तो जागच्या जागी पुठ्ठ्यावर, कच्च्या हाताने संपवा. मग मार्करची हवा काढून, नळी आणि बॉल ओळखणाऱ्या सेन्सरवरचा रंग तिथेच पुसून टाका. वाळलेला रंग सेन्सर आंधळा करतो, आणि ते पुढच्या सकाळी पहिल्याच ब्रेकआउटला कळतं.